प्रभुभोजनाच्या प्याल्यावरचं भांडण चुकीच्या जागी चाललंय

कोविडच्या काळात कितीतरी चर्चेसमधला प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, सामाईक प्याला कपाटात गेला आणि तेव्हा ते बरोबरच होतं, कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न आता आलाय. साथ ओसरली, मास्क गेले, लग्नाच्या पंगती पुन्हा उठायला लागल्या, पण बऱ्याच ठिकाणी प्याला काही कपाटातून बाहेर आला नाही, त्याच्या जागी आलेले ते अंगठ्याएवढे कप तसेच राहिले. आता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, मीटिंगमध्ये हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, वाडवडिलांपासून एकच प्याला होता, परंपरा मोडू नका. दुसरा म्हणतो, अहो जरा विज्ञान शिका, दुसऱ्याच्या तोंडाचं कशाला प्यायचं. पहिल्याला दुसऱ्याचा विश्वास कच्चा वाटतो, दुसऱ्याला पहिला अडाणी वाटतो, आणि चहा येईपर्यंत आवाज चढलेले असतात. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण महाराष्ट्रात त्या एका प्याल्याला जी किंमत होती ती कशामुळे होती हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्याला परत आला पाहिजे. ज्या समाजात कुणाच्या भांड्याला कुणाचा हात लागला यावर माणसाची लायकी ठरत होती, त्या समाजात सगळ्यांनी एका भांड्याला ओठ लावणं ही आपल्या मंडळीनं दिलेली सगळ्यात मोठी साक्ष होती, आणि ती साक्ष आपण सोयीपोटी, ठरावसुद्धा न करता, सोडून देतोय.

जरा मागं जाऊया. १८६८ साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा पुण्यात ती केवढी मोठी गोष्ट होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, तर नंतर सवर्णांनी गोमूत्र आणि शेण घालून तळ्याची शुद्धी केली. तळं! एवढं मोठं पाणी एका ओंजळीनं बाटलं असं मानणारी माणसं होती, आणि ती फार जुनी नाहीत, आपल्या पणजोबांच्या वयाची होती. गावातल्या हॉटेलात बाहेर वळचणीला टांगलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिलीय अशी माणसं तर आजही आपल्या मंडळीत बसलेली असतात. याच जमिनीवर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मंडळीत ब्राह्मण घरातून आलेले आणि महार-मांग वस्तीतून आलेले लोक एकाच प्रभुभोजनाला यायला लागले. महार आणि मांग यांच्यातसुद्धा रोटीव्यवहार नव्हता हे विसरू नका. आपण सरसकट 'दलित ख्रिस्ती' म्हणून मोकळे होतो, पण त्या काळात या दोन वस्त्यांतल्या माणसांनी एकमेकांच्या हातचं खाणं हीसुद्धा उडी होती, आणि वर ब्राह्मणानं त्याच प्याल्याला तोंड लावायचं म्हणजे तर घरदार सोडण्याचीच तयारी.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये, आणि मधल्या वर्षांत त्या नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही आपलं पाणी आणि आपली चूल वेगळी सांभाळत होत्या. आणि त्यांच्या मनातून आधी काय गेलं? आधी जात गेली. कुणाच्याही हातचं खाईन, कुणाच्याही हातचं पिईन हे आधी ठरलं, बाप्तिस्मा नंतर आला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईला पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायची लहानपणापासूनची सवय, तिला ख्रिस्त समजला तो पुस्तकातून जेवढा समजला असेल तेवढाच हातातल्या पाण्यातून समजला. आता तिच्यापुढे प्रत्येकाचा वेगळा कप असलेला ट्रे ठेवला असता तर? तिला काहीच सोडावं लागलं नसतं.

ज्यांनी प्याला पाहिलाच नाही अशा तरुण मुलांसाठी सांगतो, तो घेण्याची रीत कशी होती. लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी येऊन ओळीनं गुडघे टेकायचे, मिळेल तिथे, शेजारी कोण आहे ते न बघता. पाळक आधी भाकर देत यायचे, मग प्याला. प्याला जड असायचा, म्हणून घेणारा खालून हात लावून थोडा कलता करायचा, घोटभर घ्यायचा, मग पाळक पांढऱ्या रुमालानं कड पुसायचे, प्याला जरासा फिरवायचे आणि शेजारच्यापुढे धरायचे. एवढंच. पण त्या ओळीत शाळेचे निवृत्त हेडमास्तर, नगरपालिकेत झाडू मारणाऱ्या मावशी, नुकतीच नोकरी लागलेला पोरगा आणि कुणाचे तरी गावाहून आलेले आजोबा एकामागून एक त्याच कडेला ओठ लावायचे. आता काय होतं? गोल गोल भोकांचा ट्रे बाकांवरून हातोहात पुढे सरकतो, प्रत्येकजण आपला कप उचलतो, डोळे मिटतो, पितो आणि कप समोरच्या बाकाच्या फळीवर ठेवून देतो. काही ठिकाणी तर सीलबंद प्लास्टिकचा कप, वरच्या झाकणाखाली चकती आणि त्याखाली द्राक्षरस. प्रार्थना मनापासून होत असेलही, मी कुणाच्या भक्तीवर शंका घेत नाही. पण जे घडतं ते मी आणि माझा देव एवढंच घडतं, शेजारचा माणूस त्यात नसला तरी काही अडत नाही.

हे खरं की छोटे कप काही कोविडनं आणलेले नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या, अँग्लिकनांचा प्याला आणि कठडा आणि इतर काहींचे बाकांवर फिरणारे कप, दोन्ही एका छपराखाली आले. म्हणजे छोटा कप घेणारा माणूस कमी ख्रिस्ती असं म्हणायची सोय नाही आणि मला ते म्हणायचंही नाही. पण हे कप आले कुठून ते बघा. १८८२ मध्ये कॉख या जर्मन डॉक्टरनं क्षयाचा जंतू दाखवला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये वेगवेगळे कप निघाले, १८९४ मध्ये तर त्याचं पेटंटसुद्धा घेतलं गेलं. त्या आधी, १८६९ मध्ये, न्यू जर्सीतल्या वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो प्रभुभोजनासाठीच. तेव्हा अमेरिकेतली शहरं युरोपातून आलेल्या गरीब कामगारांनी भरत होती. छोट्या कपांचे विरोधक तेव्हाही विचारत होते की भीती जंतूंची आहे की शेजारी बसलेल्या गरिबाची? मला वाटतं दोन्ही भीती एकत्र होत्या, आणि जी बोलून दाखवता येत नव्हती ती बोलता येणाऱ्या भीतीच्या मागं उभी राहिली. आपल्याकडे हे व्हायला तर कितीतरी जास्त वाव आहे.

आता आरोग्याचा मुद्दा, कारण तो खरा मुद्दा आहे आणि 'ख्रिस्ताच्या रक्तातून रोग कसा पसरेल' असं म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही. द्राक्षरस हा द्राक्षरसाच्या नियमानं वागतो, लाळ लाळेच्या. चांदी आणि अल्कोहोल जंतू थोडे कमी करतात, पुसणं आणि फिरवणंही थोडं कमी करतं, पण पूर्ण नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वाईनच नसते, साधा रस असतो, मग अल्कोहोलचा आधारही गेला. हे सगळं मान्य. पण पुढचंही ऐका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये हा विषय तपासून लिहिलं की सामाईक प्याल्यापासून एखादा रोग पसरल्याची एकही नोंद सापडत नाही, धोका तत्त्वतः आहे पण फार कमी. आणि ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त भीती तो टीबी तर हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. म्हणजे दीड तास खिडक्या बंद करून एका बाकावर खांद्याला खांदा लावून गाणी म्हणायला आपल्याला काही वाटत नाही आणि एका घोटाला आपण घाबरतो. तरीही टीबी झालेल्या माणसाचं ताट आणि पेला आजही आपल्या घरांत वेगळा ठेवतात, औषधं चालू होऊन महिने झाले तरी ठेवतात. हे विज्ञान आहे का? की जुन्याच सवयीनं डॉक्टरचा कोट घातलाय?

साथीच्या काळात प्याला थांबवणं वेगळं. इंग्लंडच्या चर्चनं २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी थांबवला, मार्च २०२० मध्ये पुन्हा थांबवला, आणि त्याला आधार होता १५४७ च्या कायद्याचा, ज्यात म्हटलंय की लोकांना भाकर आणि प्याला दोन्ही द्यावं, गरजेमुळे तसं करता येत नसेल तर गोष्ट वेगळी. मला हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, कारण त्यात नियम काय आणि अपवाद काय हे स्पष्ट आहे. आपल्याकडे अपवाद गुपचूप नियम झाला. कुठल्या बैठकीत ठराव झाला? कुणी विचारलं? कप धुवायचं काम महिला मंडळाच्या अंगावर पडलं तेव्हा त्यांना तरी कुणी विचारलं का?

कॅथलिक मित्र इथे म्हणतील, आम्ही शेकडो वर्षं फक्त ओस्ती, म्हणजे भाकरीची चकती, घेतली, प्याला फादरच घ्यायचे, मग आमचं प्रभुभोजन अर्धं होतं का? नाही, भाकरीतच पूर्ण ख्रिस्त आहे ही त्यांची शिकवण मी समजू शकतो, आणि दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या माणसासाठी तर ती केवढी दिलासा देणारी आहे. पण लोकांच्या हातून प्याला गेल्यावर लोकांना काय वाटलं याचाही इतिहास आहे. १४१४ मध्ये प्रागमध्ये याकोबेक नावाच्या धर्मगुरूनं सामान्य माणसांना प्याला द्यायला सुरुवात केली, जून १४१५ मध्ये कॉन्स्टन्स शहरात भरलेल्या चर्चच्या परिषदेनं त्यावर बंदी घातली, आणि तीनच आठवड्यांत, ६ जुलैला, प्रागचा धर्मसुधारक यान हुस याला तिथेच जिवंत जाळलं. त्यानंतर बोहेमियातल्या, म्हणजे प्रागच्या मुलखातल्या, शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी आपल्या झेंड्यावर काय काढलं? प्याला. त्यांच्यावर एकामागून एक धर्मयुद्धं लादली गेली तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि शेवटी १४३६ मध्ये तडजोडीत तो त्यांना द्यावाच लागला. ती साधी शेतकरी माणसं फक्त तत्त्वज्ञानासाठी लढली असतील का? पुरोहित जे पितो ते आम्हीही पिणार, आमच्यात आणि त्याच्यात देवाच्या मेजावर फरक नाही, हे त्यांना कळलं होतं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६३ मध्ये कॅथलिक लोकांसाठीही प्याल्याचं दार पुन्हा उघडलं, म्हणजे साडेपाचशे वर्षांनी.

बरं, बायबल उघडून बघितलं तर पौलाला करिंथच्या मंडळीवर राग कशाचा आला होता? 'अयोग्य प्रकारे' भाकर खाणाऱ्याबद्दलचं त्याचं कडक वाक्य आपण दर वेळी प्रभुभोजनाआधी वाचतो आणि मग प्रत्येकजण मान खाली घालून आठवड्याभरातली आपली पापं मोजतो, कोण कुणाशी खोटं बोललं, कोण कुणावर चिडलं. पण त्याच अध्यायात थोडं वर बघा. तिथं भांडण वेगळंच आहे. श्रीमंत लोक लवकर येऊन पोटभर खातात-पितात, राबून उशिरा आलेला गरीब उपाशी राहतो, एकाला भूक आणि दुसऱ्याला नशा, आणि पौल विचारतो की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? त्याचा उपायही किती साधा आहे, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अंत्युखियात तर त्यानं पेत्राला तोंडावर सुनावलं, कारण यरुशलेमहून काही लोक आल्यावर पेत्र परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून बाजूला बसायला लागला. पेत्रानं काही शिवी दिली नव्हती, कुणाला हाकललं नव्हतं, फक्त पंगत बदलली. एवढ्यावरून पौल म्हणाला की हा शुभवर्तमानाच्या सत्याला धरून चाललेला नाही. आणि येशूनं स्वतः 'तुम्ही सगळे यातून प्या' म्हटलं तेव्हा, लूकच्या मांडणीत, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचा हात त्याच मेजावर होता.

भारतातला याचा सगळ्यात स्पष्ट प्रसंग १८३३ चा आहे. तमिळ मुलखातल्या जुन्या मंडळ्यांमध्ये शूद्र ख्रिस्ती (वेल्लाळांसारख्या स्पृश्य जातींतले) वेगळे बसायचे, भाकर-प्याला आधी घ्यायचे, परया या अस्पृश्य मानलेल्या जातीतले ख्रिस्ती नंतर. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं की हा भेद ठामपणे, ताबडतोब आणि कायमचा सोडावा लागेल. त्यांच्या आधीचे बिशप हेबर जरा समजुतीनं घ्या म्हणणारे होते, आणि हेबर वाईट माणूस नव्हते, लोक दुखावू नयेत, हळूहळू बदल होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. विल्सनच्या पत्रानंतर मद्रासमधल्या वेपेरीत आणि तंजावरात बरीच वेल्लाळ घराणी मंडळी सोडून गेली. म्हणजे माणसं येशूला मानत होती, बायबल वाचत होती, गाणी गात होती, फक्त त्या माणसानंतर त्या प्याल्याला तोंड लावणार नाही एवढंच म्हणत होती. विल्सनचं चुकलं का? मला वाटतं त्यांची भाषा साहेबी होती आणि निर्णय बरोबर होता.

हेबरच्या मवाळ वाटेनं गेलं तर काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसतं. १८२९ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चनं म्हटलं होतं की प्रभुभोजन रंग न बघता सगळ्यांना एकत्रच द्यायचं. १८५७ मध्ये त्याच चर्चच्या सभेनं ठरवलं की एकत्र असणं हेच शास्त्राप्रमाणे योग्य, पण 'काहींच्या दुबळेपणामुळे' अडचण येत असेल तिथे वेगळ्या इमारतीत भक्ती करायला हरकत नाही. भाषा बघा किती सौम्य आहे! कुणाचा द्वेष नाही, तत्त्व तर एकतेचंच, फक्त काही दुबळ्या मनांची सोय. त्या सोयीतून १८८१ मध्ये वेगळं चर्चच उभं राहिलं आणि पुढे अपार्थाइडला, म्हणजे तिथल्या सरकारी वर्णभेदाला, धर्माचा आधार मिळाला तो याच वळणावरून. १९८२ मध्ये ओटावात जगभरातल्या रिफॉर्म्ड चर्चेसची सभा भरली तेव्हा दक्षिण आफ्रिकेतले पाळक अॅलन बूसाक आणि त्यांच्या सोबतच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी गोऱ्या चर्चच्या लोकांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला, घरी ज्या मेजावर आम्हाला जागा नाही त्यांच्याबरोबर इथे परदेशात कसं बसायचं, आणि त्या सभेनं अपार्थाइडच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवलं. छोटे कप म्हणजे अपार्थाइड असं मी म्हणत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नये. माझं म्हणणं एवढंच की मेजावर तात्पुरती म्हणून केलेली सोय तात्पुरती राहत नाही, आणि ती कुणाची सोय आहे हे वेळेवर विचारलं नाही तर नंतर विचारणारं कुणी उरत नाही.

यावर एक आक्षेप असा येतो ज्याचं उत्तर देताना मला खरंच जड जातं. लोक म्हणतात, दीडशे वर्षं एका प्याल्यातून प्यालात ना, मग जात गेली का? लग्नं अजून जात बघूनच ठरतात, 'आपल्यातली' मुलगी अजून शोधली जाते. गोव्यात कोन्फ्रारिया, म्हणजे चर्चमधले भाविकांचे संघ, जातीवरून ठरत आल्या, तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती स्मशानातसुद्धा दलितांची जागा वेगळी आहे, आणि बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजातल्या जातीबद्दल जे कठोर लिहिलं ते काही खोटं नव्हतं. खरंय सगळं. प्याल्यानं जात मारली नाही. पण त्यानं एक काम केलं, दर महिन्याला तिला खोटं ठरवलं. माणूस घरी काहीही मानत असला तरी रविवारी कठड्यापाशी त्याला त्याच्या मनाविरुद्ध वागावं लागायचं, आणि शेजारच्याला ते डोळ्यांनी दिसायचं. एखाद्या मुलीनं घरी भांडताना 'प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारी गुडघे टेकता, मग लग्नाला काय झालं' असं विचारावं, एवढा तरी पुरावा तिच्या हातात असायचा. आता तो पुरावाही काढून घेतला तर तिनं कशाकडे बोट दाखवायचं? जी गोष्ट पूर्ण जिंकली नाही ती सोडून द्यायची, हा कुठला न्याय?

आणि करायचं म्हटलं तर हे अवघडही नाही. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं त्या रविवारी फक्त भाकर घ्यावी, किंवा पाळकांनी भाकर रसात बुडवून त्याच्या हातावर ठेवावी, कुणी नावं ठेवणार नाही असं आधीच सांगावं. केमो चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला वेगळा कप द्यायलाच हवा, आणि तो वेगळा कप आजारपणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असावं. साथ आली तर कमिटीनं ठराव करून प्याला थांबवावा आणि त्याच ठरावात तो परत कधी सुरू करायचा तेही लिहावं. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या, आणि पहिल्यांदा अशा माणसांना बोलायला सांगा ज्यांच्या घरच्यांनी गावच्या हॉटेलात वेगळ्या कपातून चहा प्यायलाय. त्यांनी ऐकून घेऊन सांगितलं की छोटे कपच बरे, तर मी गप्प बसेन.